फ्लाइट सिमसाठी टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनवर पंखा फिरवणारं विमान) घ्यायचंय, कुठलं घेऊ?

उडाणटप्पू: एमएसएफएस २०२० (मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा गेम) वर सेस्ना १७२ (छोटं पिस्टन इंजिनचं विमान) आता बऱ्यापैकी जमतं. आता ॲडऑन विमान म्हणून ब्लॅक स्क्वेअर कंपनीचं टीबीएम ८५० घेऊ की सिमवर्क्स कंपनीचं कोडियॅक? एकच परवडेल.

आभाळवेडा: कोडियॅक घे डोळे झाकून. चाकं आत घ्यायची भानगड नाही, प्रेशरायझेशन (केबिनमधला हवेचा दाब सांभाळणं) नाही, छोट्या पट्टीवर मस्त उतरतं. टीबीएम भारीच, पण गय करत नाही, हॉट स्टार्ट झाला की इंजिनची वाट.

उडाणटप्पू: हॉट स्टार्ट म्हणजे?

पीटी६_पंखा: सुरू करताना इंजिन आतून हद्दीबाहेर तापणं. दोन्हीत टर्बाइन इंजिन पीटी६च आहे रे. स्टार्टर लावला की आधी एनजी (इंजिनच्या आतल्या टर्बाइनचा वेग) १२-१३ टक्क्यांवर येऊ दे, मगच फ्युएल सोड आणि नजर आयटीटीवर (टर्बाइनमधलं तापमान) ठेव, लाल रेषेकडे पळायला लागला की फ्युएल लगेच बंद पण स्टार्टर चालूच, म्हणजे आतली गरमी बाहेर पडते. टेकऑफला पॉवर लीव्हर १७२ सारखा पुढपर्यंत ढकलायचा नाही, टॉर्क (पंख्याला मिळणारा पीळ) बघत बघत द्यायचा. खाली टॉर्कची लिमिट आधी लागते, वर गेलं की आयटीटीची. आणि हवेत असताना बीटात (लीव्हर आयडलच्या मागे, फक्त जमिनीवर वापरायची रेंज) अजिबात जाऊ नकोस.

आभाळवेडा: +१. उतरताना पॉवर पण एकदम काढू नको, प्रॉपच ब्रेकसारखा लागतो आणि विमान धपकन बसतं.

उडाणटप्पू: ओके, कोडियॅक फायनल. सेल लागला की घेतो 😄