विद्यार्थ्यांच्या मैफलींना श्रोते कसे आणायचे? (सांगली)

घाटावरची:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कॉलेजच्या संगीत विभागात शिकवते, तासिका तत्त्वावर. बी.ए.-एम.ए. मिळून मुलं अठराएक. बहुतेक गाणारी, दोघं तबल्याची, एक हार्मोनियमचा आणि एक मुलगी सतारीची. यंदा विभागप्रमुखांनी एक काम माझ्या गळ्यात घातलंय: जुलै ते मार्च, दर महिन्याला विद्यार्थ्यांची एक जाहीर मैफल. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं मंचप्रदर्शनही त्यातच उरकायचं. मध्ये जमलं तर बाहेरचा एखादा कलाकार.

मागच्या वर्षीचा अनुभव सांगते. सभागृह तीनशे खुर्च्यांचं. एका संध्याकाळी नऊ मुलं बसवली, प्रत्येकाला बारा मिनिटं. आले ते पालकच, आणि आपापलं पोर गाऊन झालं की तेही उठले. शेवटच्या मुलीनं मारुबिहाग राग मांडला तेव्हा समोर आम्ही दोन शिक्षिका, शिपाईमामा आणि नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) फोटो काढणारा मुलगा. पोरगी खरंच चांगली गायली हो.

तर विचारायचं असं: वार कोणता धरावा? तिकीट लावावं का? एका वेळी किती मुलं? मोठा कलाकार बोलावला की गर्दी होते, पण मग मुलांना "सुरुवातीला पंधरा मिनिटं" एवढंच मिळतं, तेही लोक चपला काढून जागा शोधत असताना. पैशाचं म्हणाल तर साउंडवाल्याचं भागवलं की हारतुऱ्यांपुरतं उरतं.

विश्रामबाग टू ब्लूमिंग्टन:

मी मूळचा विश्रामबागचा, गेली काही वर्षं अमेरिकेत इंडियाना राज्यात. इथल्या विद्यापीठाचं जेकब्ज स्कूल ऑफ म्युझिक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण फुकट असतं म्हणून जायला लागलो आणि सवय लागली. वर्षाला अकराशेच्या वर कार्यक्रम करतात. ऑपेराला तिकीट असतं, त्याचं वेगळं मोठं थिएटर आहे. बाकी बहुतेक सगळं मोफत.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट म्हणजे त्यांचे रिसायटल. डिग्रीसाठी मुलाला एकट्यानं जाहीर कार्यक्रम करावाच लागतो, आणि परीक्षक इतर श्रोत्यांसारखेच खुर्चीत बसलेले असतात. नऊ मुलं एकाच संध्याकाळी हा प्रकार नाही. छोट्या हॉलमध्ये एक मूल, तासाभराचा कार्यक्रम. समोर कधी दहा माणसं असतात, कधी साठ, पण हॉलच लहान असल्यानं दहाही बरी दिसतात. हातात एक कागद देतात, काय वाजणार आहे त्याचा. सूत्रसंचालक नाही, दीपप्रज्वलन नाही. मूल येतं, वाकतं, सुरू करतं. नंतर बाहेर टेबलावर घरच्यांनी आणलेलं काहीबाही खायला. तिथं भडंग ठेवावा असं मला दर वेळी वाटतं.

आणि इथं पुष्कळ संगीत शाळांत विद्यार्थ्यांना दुसऱ्यांचे कार्यक्रम ऐकायला जाणं सक्तीचं असतं, त्याची हजेरी लागते. तुमच्या अठरांपैकी सतरा जण समोर बसले तरी कार्यक्रम पडला असं कुणी म्हणणार नाही.

डग्गा (मिरज):

ताई, मी साथीदार माणूस. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, जिथं पोरं परीक्षेला बसतात तिथं माझा तबला. त्यामुळं तुमचा प्रश्न मी स्टेजवरून पाहिलेला आहे, तोही बाजूनं. तिथून गवय्यापेक्षा श्रोते जास्त दिसतात.

पहिलं काम, ते तीनशे खुर्च्यांचं सभागृह सोडा. एखादा मोठा वर्ग घ्या, बाकं बाहेर काढा, जाजम अंथरा, मागं भिंतीला वीसेक खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांना. पन्नास-साठ माणसांत माईक लागत नाही. साउंडवाल्याचे पैसे वाचले, ते साथीदाराला द्या (हे मी माझ्या पोटासाठी म्हणतोय, पण खरंही आहे). शिवाय माईक नसला की पोरांना आवाज लावावा लागतो आणि तबलजी आपोआप जमिनीवर येतो. आमच्या बिरादरीला माईक मिळाला की पोरीच्या आलापावर तिहाया (एकच तुकडा तीनदा) सुचायला लागतात.

दुसरं, नऊ मुलं नकोत, दोनच बसवा. जुलै ते मार्च नऊ महिने, दोन-दोन म्हणजे अठरा, तुमचा हिशोब आपोआप बसला. प्रत्येकाला पस्तीस-चाळीस मिनिटं. बारा मिनिटांत विलंबित (अगदी संथ) एकतालाची मोजकीच आवर्तनं होतात, पोराचा घसा तापतो आणि माणूस उठतो. चाळीस मिनिटांत ख्याल वीस-पंचवीस मिनिटं नीट मांडता येतो, मग द्रुत (जलद) बंदिश, मग एक नाट्यपद किंवा भजन. नाट्यपदाला नाक मुरडू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं पहिलं नाटक उभं केलं, बालगंधर्वांचं नागठाणे इथून हाकेवर. या भागातला माणूस नाट्यपदासाठी तासभर थांबतो. ते शेवटीच ठेवा.

पालक उठून जातात त्यावर माझा उपाय ऐका. कार्यक्रमाचा शेवट सगळ्या मुलांनी मिळून भैरवीतल्या भजनानं करायचा आणि पत्रिकेवर तसं ठळक छापायचं. एकही आईबाप हलत नाही. हा उपाय मी दोन-तीन क्लासवाल्यांना सांगितला, सगळीकडं चालला.

आता जी गोष्ट कार्यक्रम आखणाऱ्याला कुणी सांगत नाही ती. मुलांचा क्रम ज्येष्ठतेनं लावू नका, पट्टी (ज्या सुराला सा धरून गातात तो) बघून लावा. मुलगा काळी एकला (हार्मोनियमवरची पहिली काळी पट्टी) गाणार आणि त्याच्यामागून मुलगी काळी चारला, म्हणजे तानपुरे परत मिळवायचे, मला दुसरा तबला काढायचा, हातोडी ठोकत बसायचं. दहा मिनिटं तिथंच गेली आणि लोक घड्याळ बघायला लागले. एका पट्टीची दोन मुलं एका महिन्यात घ्या. रागही बघा. यमननंतर मालकंस ठेवलात तर पंचमाची तार मध्यमाला आणावी लागते, मारवा ठेवलात तर निषादाला. ऐकणाऱ्याला वाटतं हे काय चाललंय. पट्टी बदलणं अटळच असेल तर मध्ये चहा ठेवा, पण चहा म्हणून जाहीर करा, "तांत्रिक कारणामुळे" नको.

तानपुऱ्यावरून आठवलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि सांगली-मिरजेतली पोरं मोबाईल ॲप लावून गातात. कॉलेजच्या कपाटात तानपुरे असणारच. जूनमध्येच ते मिरजेला सतारमेकर गल्लीत न्या, जवारी काढून घ्या (घोडी घासून नाद खुलवून घ्या), तारा बदला. जाताना मुलांनाही न्या. भोपळा कसा निवडतात, तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) कशी बसवतात हे बघितलेलं पोर तानपुरा भिंतीला टेकवून ठेवत नाही.

वार तुम्ही कुठलाही घ्या, फक्त बदलू नका. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा संगीत उत्सव बघा. १९४० साली गजाननबुवा जोशींनी सुरू केला, आश्विन वद्य पंचमी. पत्रिका मिळो न मिळो, लोकांना तिथी पाठ. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसातली अब्दुल करीम खाँसाहेबांची संगीत सभा तशीच, अंबाबाईचा नवरात्रातला महोत्सव तसाच. तुम्ही म्हणा, महिन्याचा दुसरा शनिवार, सहा वाजता. आणि सहा म्हणजे सहा. प्राचार्य पोचले नसले तरी सहा.

दोन महिने मात्र जपून. जुलैअखेर ते ऑगस्ट सांगलीत आयर्विन पुलाला पाणी किती फूट चढलं हे विचारत माणसं जगतात. चाळीस फुटाला इशारा मिळाला की सांगलीकर मैफलीचं नाव काढत नाही, सामान माळ्यावर टाकतो. २०१९ आणि २०२१ बघितलंय आपण. तेव्हा ते दोन कार्यक्रम गावभागात नको, विश्रामबागच्या बाजूला कुणाच्या तरी हॉलमध्ये घ्या, आणि मल्हार घ्या. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, तेवढं आम्ही सांभाळून घेऊ. दुसरं, नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा. बरेच साथीदार केंद्राकेंद्रांवर अडकलेले असतात. त्या महिन्यांच्या तारखा आत्ताच आम्हाला सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी कुणीतरी पोरगा मिळेल जो झुमरा तालात हरवेल.

आणि साथीदाराबरोबर निदान दोनदा बसायला लावा मुलांना. स्टेजवर पहिल्यांदा ओळख होते तेव्हा पोर समेकडं (तालाच्या पहिल्या मात्रेकडं) न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहतं.

तिकीट नको.

दुसरी रांग:

डग्गांचं सगळं पटलं, तिकिटाचं नाही. वीस रुपये का होईना, लावा. फुकटात आलेला माणूस फुकटात उठतो. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले, आणि पुढं दरबारातली मेहेरबानी सोडून तिकीट लावूनच त्यांनी लोकांसमोर जलसे केले. १९०१ ला लाहोरला विद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर. गाण्याची शाळा आणि जाहीर मैफल ही जोडी आपल्याकडं नवी नाही, आपल्याच मातीतून गेलेली आहे.

माझी दुसरी मागणी सकाळची. मी निवृत्त माणूस, संध्याकाळचे कार्यक्रम भरपूर ऐकले. दहाला लाऊडस्पीकर बंद म्हणून सगळे सहा ते दहात कोंबलेले: पूरिया, यमन, बागेश्री, फार झालं तर मालकंस. ललत, तोडी, देसकार मुलं शिकतात, परीक्षेत दुपारी तीनला गातात, आणि नंतर आयुष्यात परत गात नाहीत. हिवाळ्यातल्या दोन मैफली रविवारी सकाळी सातला घ्या. माईक नाही म्हणताय तर शेजाऱ्यांचीही तक्रार नाही. मी थर्मास घेऊन येतो.

डग्गा (मिरज):

@दुसरी रांग, वीस रुपये गोळा करायला दाराशी एक पोर बसणार आणि त्याचं गाणं ऐकायचं राहणार. पैशाची पेटी ठेवा दाराजवळ, ज्याला टाकायचे तो टाकेल. सकाळचं मात्र एकदम मान्य. सातला तबला गार असतो, मी साडेसहाला येईन.

घाटावरची:

सगळ्यांचे आभार. पट्टीप्रमाणे याद्या आत्ताच काढून बघितल्या. मुली काळी चार आणि पाचच्या सात, पांढरी पाचची एक, मुलगे काळी एक-दोनचे सहा. वाद्यांची चौघं वेगळी. बऱ्यापैकी जोड्या लागतायत. सतारीच्या मुलीला मी एकटीला एक संध्याकाळ देणार आहे, विभागप्रमुख काय म्हणतील ते म्हणतील. तबल्याच्या दोघांची एकत्र, एकाचा तीनताल, एकाचा झपताल, लेहऱ्याला (तालाचं आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीला) हार्मोनियमचा मुलगा. हा नववा कार्यक्रम, तो मार्चमध्ये बसवते. वर्ग मिळेल, जाजम एनसीसीच्या सरांकडं आहे. दुसरा शनिवार ठरवून टाकला. सकाळच्या दोन मैफली डिसेंबर आणि जानेवारीत, रविवारी.

दोन शंका. पेटीत जमलेले पैसे कॉलेजच्या खात्यावर भरावे लागतील का? आणि ते "प्रमुख पाहुणे" कसे टाळायचे? दर वेळी कुणीतरी सुचवलेला असतोच, आणि भाषण वीस मिनिटं.

दुसरी रांग:

पैशाची पावती फाडा, हिशोब फळ्यावर लिहा, लेखापालाला आधी विचारून घ्या. मी बँकेत होतो म्हणून सांगतो, पावती नसलेल्या शंभर रुपयांची चौकशी लाखाच्या चौकशीपेक्षा लांबते.

डग्गा (मिरज):

पाहुण्याला बोलवा की. सहाला कार्यक्रम सुरू, त्यांना साडेसहाची वेळ द्या. ते येतील तेव्हा विलंबित चालू असेल, चालू गाण्यात कुणी सत्कार करत नाही. पुढच्या रांगेत बसवा, भैरवीनंतर पोरांच्या हातून गुलाब द्या. आणि जूनमध्ये तानपुरे घेऊन मिरजेला येणार असाल तर आदल्या दिवशी इथंच लिहा, मी सतारमेकर गल्लीत भेटतो.