गोड्या समुद्राला मिठागरं कशी?

कोथरूडच्या रविवारच्या खेळासाठी तुम्ही रचलेलं उत्तरेकडचं काल्पनिक राज्य फार आवडलं. मधोमध गोड्या पाण्याचा अफाट समुद्र, भोवती टोळ्या आणि दुर्ग, झकास! फक्त किनाऱ्यावर दाखवलेली मिठागरं काढा. गोड्या पाण्यातून मीठ निघणार नाही, ते डोंगरापलीकडून तांड्यांनीच येईल. म्हणजे घाट ज्याच्या ताब्यात, राज्य त्याच्या मुठीत. मासे खारवायला मीठ लागतंच, त्यामुळे भांडणाचं कारण आयतंच मिळतं.

भरती-ओहोटी जवळजवळ नसेल. पण जोराचा वारा पाणी एका काठाला रेटतो आणि पडला की ते हेलकावत परत येतं. वादळं मात्र खरीखुरी दाखवा. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ला 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे मालवाहू जहाज २९ जणांसह बुडालं.

सीलही हवेतच, रशियातल्या बैकल सरोवरात गोड्या पाण्यातले सील आहेत. बैकलला ३००हून जास्त नद्या मिळतात, बाहेर पडते एकटी अंगारा. अशी एकुलती नदी निघते तिथेच मी राजधानी वसवली असती. आणि हिवाळ्यात बर्फावरून सैन्य चालत येऊ शकतं, तेव्हा तुमच्या बेटावरच्या दुर्गाला उत्तरेकडूनही तटबंदी द्या.