मदत हवी आहे: तिसरीतला मुलगा, लक्ष टिकत नाही, वाचन अडते

यवतमाळ जिल्ह्यातली द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. मुलगा तोंडी हुशार आहे, गोष्ट ऐकून नीट सांगतो, पण दोन ओळींत नजर भरकटते. नजर आणि कान तपासले, दोन्ही ठीक.

घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळ होतो. ऱ्हस्व इकार सर्वात जड जातो, कारण वेलांटी अक्षराआधी दिसते अन् उच्चार नंतर. 'किती' वाचताना तो तिथंच थांबतो. 'केळी'ला 'केयी' म्हणतो ती मात्र चूक धरत नाही, ती घरची वऱ्हाडी आहे. ते टोकलं की पोरगा वाचणंच सोडतो.

सध्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून वाचायला देतो. 5 मिनिटं वाचन, मग फळा पुसणं किंवा पाणी आणणं, पुन्हा 5 मिनिटं. घ आणि ध एकाच दिवशी शिकवत नाही. एक पक्का झाल्यावर आठवड्यानं दुसरा. ओळ आधी मी वाचतो, मग दोघं मिळून, शेवटी तो एकटा. सुटे शब्द यानं सुधारले, जोडाक्षरं नाहीत. 'रात्र', 'सूर्य' आले की अंदाजानं काहीही बोलतो.

विचारायचं हे:
जोडाक्षरांत आधी पाय मोडलेली घ्यावीत (पुस्तक, गोष्ट) की रफार?
गट साधन केंद्राच्या (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षकांकडे नोंद केली आहे; जिल्हा रुग्णालयातल्या तपासणीला सोबत काय न्यावं? वहीचे नमुने पुरतील का?
कापूस वेचणीत आई-बाप दिवसभर वावरात असतात. आजीला वाचता येत नाही, तरी रात्री 10 मिनिटं तिच्याकडून काय करून घेता येईल?