रिसेप्शनला दारू किती घ्यावी? (मालवण, मे महिना)

धाकटा भाऊ: दादाचं रिसेप्शन आहे, घरच्याच अंगणात मांडव, माणसं २०० पण पिणारे ८० च्या आसपास, ७ ते १० असं तीन तास. हिशोब कसा करायचा? कमी पडली तर मुंबईचे पाव्हणे नाव ठेवतील याचं खूप टेन्शन आलंय.

वेंगुर्लेकर: पहिल्या तासाला माणशी दोन आणि पुढे तासाला एक धर, म्हणजे ८० गुणिले ४, ३२० ड्रिंक झाले. मे मध्ये घामाच्या धारा लागतात तर निम्मी बिअर जाणारच, ६५० मिलीची बाटली दोघांत धरली तर ८० बाटल्या, १२ चा बॉक्स असतो म्हणून ७ बॉक्स. राहिलेले १६० पेग, ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे १२ बसतात, १४ बाटल्या घे. बर्फ मात्र भरपूर, आमच्याकडे भावाच्या लग्नात दारू उरली आणि बर्फ ९ वाजताच संपला, फार वाईट वाटलं.

काजूवाली: एक दिवसाचं लायसन्स आधी काढा, एक्साईजच्या ऑफिसात. आणि स्वस्त मिळते म्हणून गोव्याहून परमिटशिवाय आणू नका हो, बॉर्डरला चेकिंग असतं, गाडीसकट जप्त करतात.

धाकटा भाऊ: गोव्याचाच विचार होता, कॅन्सल! न पिणाऱ्या १२० जणांना काय?

काजूवाली: कोकम सरबत, आणि पाणी दुप्पट ठेवा. पिणाऱ्यांना घरी सोडायला दोन रिक्षा आधीच सांगून ठेवा.