आयपॅड मिक्सरला जोडला की तानपुरा गायब, चार्जर लावला की घूंऽऽ

पेटीवाला_देवगड

नमस्कार मंडळी. कुणकेश्वरच्या अलीकडे आमचं भजनी मंडळ आहे. मी पेटी वाजवतो, तीस वर्षं झाली. मुलाने त्याचा वापरलेला आयपॅड मुंबईहून आणून दिला. नववी पिढी, लायटनिंगचं भोक आणि हेडफोनचंही. त्यात तानपुरा लावतो. बुवांनी आलाप घेतला की मागे थोडे स्ट्रिंग्ज भरावेत ही माझी हौस. कीबोर्ड आहे, पण पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याचे स्वतःचे स्ट्रिंग्ज म्हणजे एसटीचा हॉर्न.

हेडफोनच्या भोकातून वायर काढून मिक्सरच्या एका चॅनेलला घातली, तर तानपुरा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. कानाला हेडफोन लावून ऐकला तर झकास! वायर बदलली, तेच. त्यात चार्जर लावला की घूंऽऽ सुरू. परवा देवळात ऐन गजराला बॅटरी ११ टक्क्यांवर आली म्हणून चार्जर खुपसला, तर बुवांनी गाता गाताच माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय.

आणि कीबोर्डच्या बटणांवर आयपॅडमधले स्ट्रिंग्ज वाजवायचे तर काय जोडायचं? दुकानदार म्हणतो ब्लूटूथ स्पीकर घ्या, सगळं सुटेल. गणपतीला दोन आठवडे उरलेत. खिसा बेताचा आहे, हे आधीच सांगतो.

साउंडवाला_चिपळूण

काका, ब्लूटूथ स्पीकर अजिबात घेऊ नका. तानपुऱ्याला चालेल, पण बटण दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की झांज पुढे आणि तुम्ही मागे.

तानपुरा गायब होतो तो वायरीमुळे. तुमच्या वायरीच्या मोठ्या जॅकवर दोन काळ्या रेषा असणार, बघा. ती स्टीरिओ जॅक, म्हणजे टोकावर डावा आवाज, मधल्या कडीवर उजवा. मिक्सरचा मोनो चॅनेल टोक आणि मधली कडी यांच्यातला फरक तेवढा उचलतो. डावीकडे आणि उजवीकडे जे सारखं आहे, ते एकमेकांतून वजा होऊन जातं. तुमचा तानपुरा बरोबर मधोमध आहे, म्हणून तोच जातो आणि नुसता घुमारा उरतो. लहान स्टीरिओ जॅक एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला एकेक रेषेच्या दोन मोठ्या जॅक, अशी वाय केबल घ्या. दोन चॅनेलला घाला, एकाची पॅनची कळ डावीकडे फिरवा, दुसऱ्याची उजवीकडे. आजच्या आज सुटेल.

घूं चार्जरमधून येतं. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडी वीज आयपॅडच्या अंगावर झिरपते आणि ऑडिओच्या वायरीतून मिक्सरकडे वाट काढते. खात्री करायची तर पॉवर बँकेवर चार्ज करून बघा. भिंतीशी संबंधच तुटला की घूं जातं.

एक मात्र हात जोडून सांगतो. काहीजण मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घूं थांबतं, हे खरं. पण पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी बसून बुवा लोखंडी माइक धरतात. ती पिन त्यांच्यासाठी आहे.

कीबोर्डच्या मागे काय आहे? पाच पिनांची गोल भोकं की चौकोनी युएसबी?

मृदंग_कुडाळ

काका, माझा पण आयका. मी मोबाईल मिक्सरवरच ठेवलेलो. तेचो टर्रटर्र आवाज येय होतो आणि मी दोन तास वायरी हलवत बसलंय. फोन लांब ठेवा, आयपॅड विमान मोडवर टाका. नायतर मधेच कोणाचो तरी व्हिडिओ कॉल येतलो.

पेटीवाला_देवगड

वाय केबल कणकवलीला मिळाली. तानपुरा आला! पॉवर बँकेवर घूं पण नाही.

कीबोर्डला दोन्ही आहेत, गोल आणि चौकोनी. गोल भोकांवर हिरवा गंज चढलाय, समुद्र अर्ध्या मैलावर. मुलाचा ऑडिओ इंटरफेस (आयपॅडचा आवाज बाहेर काढणारी डबी) पण मागवलाय, बेरिंजर यूएमसी२०४एचडी. तो आयपॅडला कसा लागणार?

साउंडवाला_चिपळूण

उत्तम, त्याला मिडीची (वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) गोल भोकं आहेतच. मग कीबोर्डची युएसबी विसरा. कीबोर्डच्या मिडी आउटमधून इंटरफेसच्या मिडी इनला वायर. त्या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो: कुठलं बटण दाबलं, किती जोरात (१ ते १२७ मधला आकडा), कधी सोडलं. १९८३ पासून हीच पद्धत. घेणाऱ्या टोकाला तो निरोप आत प्रकाशाने पलीकडे जातो, तांब्याचा सांधा नसतो, त्यामुळे तिथून घूं शिरत नाही. गंजावर काँटॅक्ट क्लीनर मारा, खोबरेल नको.

आयपॅडला लायटनिंग टू युएसबी ३ कॅमेरा अडॅप्टर लागेल. नाव कॅमेऱ्याचं, काम आपलं. त्याला बाजूला चार्जिंगचंही भोक असतं, तिथे पॉवर बँक जोडायचीच. नाहीतर इंटरफेस जास्त वीज मागतो असं म्हणून आयपॅड हात वर करतो. वेगळं सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) लागत नाही. इंटरफेस लागला की हेडफोनच्या भोकातून आवाज येणं बंद होईल, घाबरू नका. आता मिक्सरकडे दोन वायरी इंटरफेसच्या मागून न्या. आणि इथे मात्र दोन रेषांची जॅकच बरोबर, कारण हे आउटपुट बॅलन्स्ड आहेत, म्हणजे एका वायरीत एकाच बाजूचा आवाज, वजा होण्यासारखं काही नाही.

ॲपमध्ये बफर १२८ ठेवा, म्हणजे आवाजाचे किती तुकडे साठवून पुढे सोडायचे तो आकडा; लहान तितका उशीर कमी. ४८ हजारच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके तुकडे) उशीर पावणेतीन मिलीसेकंदांच्या आतच. कडकड झाली तर २५६.

गायनवर्ग_रत्नागिरी

दादा, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लोकल' (बटणांनी स्वतःचाच आवाज वाजवणं) ऑफ करा किंवा त्याचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. नाहीतर तो हॉर्नही सोबत वाजेल. आणि ट्रान्सपोज (पट्टी चढवणं-उतरवणं) एकाच ठिकाणी करा. माझ्या वर्गात यावरून एकदा अख्खी प्रार्थना बेसूर झाली होती.

पेटीवाला_देवगड

बाई, तुमचं उत्तर मी एक दिवस उशिरा वाचलं. बुवांची पट्टी काळी एक. मी कीबोर्ड अर्धा सूर चढवला आणि ॲपमध्येही अर्धा. कीबोर्ड चढवलेलाच निरोप पाठवत होता, म्हणजे स्ट्रिंग्ज थेट पांढरी दोनमध्ये आणि पेटी काळी एकमध्ये. तालमीत पखवाजवाला हसून हसून आडवा.

ते काढलं. बफर १२८ वर एकदा कडकडला, २५६ वर दोन तास चालला, बोटाला फरक कळला नाही. पॉवर बँक ३० टक्के उतरली. घूं नाही, विहीर नाही. मी कौतुकाच्या आशेने बुवांकडे बघितलं. ते म्हणाले, "तानपुरो जरा कमी कर."