लिंकनमधील मुक्काम: टेकडीवर की स्टेशनजवळ?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन इंग्लंडमधील लिंकनला मुक्काम करायचा आहे. कॅथेड्रल मनसोक्त पाहता यावे, पण आईच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये, यासाठी हॉटेल कोणत्या भागात घ्यावे?

प्रतिसाद १: टेकडीवरच, कॅथेड्रल आणि किल्ल्याच्या परिसरात घ्यावे. स्टेशन खाली आहे, आणि मधली ‘स्टीप हिल’ ही फरसबंद वाट इतकी उभी आहे की बाजूच्या लोखंडी कठड्याला धरूनच अनेकजण वर येतात. सामान असल्याने स्टेशनवरून थेट टॅक्सी करावी.

प्रतिसाद २: सहमत आहे. मात्र वरची हॉटेले जुन्या वास्तूंत असली तर लिफ्ट असेलच असे नाही, म्हणून तळमजल्याची खोली आरक्षणाच्या वेळीच लेखी मागून घ्यावी.

प्रतिसाद ३: वर राहण्याचा खरा लाभ संध्याकाळी मिळतो. कॅथेड्रलमधील सायंप्रार्थनेला तिकीट लागत नाही. ज्या मधल्या मनोऱ्याचा उत्तुंग सुळका १५४८ मध्ये कोसळला, त्याच्याजवळ बसून आई-वडिलांना गायकवृंद शांतपणे ऐकता येईल. किल्ल्यात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची (राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेची) मूळ प्रत आहे, तिच्यासाठी एक सकाळ अवश्य राखून ठेवावी.