विषय : पाश्चात्त्य जग आणि इस्लाम मुलांना कसे शिकवावे?

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार. मुलाच्या शाळेत सध्या धर्मयुद्धे (क्रुसेड्स) शिकवत आहेत. 1095 मध्ये पोप दुसरा अर्बन याने दिलेली हाक, 1099 मध्ये ख्रिस्ती सैन्याने घेतलेले जेरुसलेम आणि मग थेट 1453 मध्ये ऑटोमन तुर्कांनी घेतलेले कॉन्स्टँटिनोपल, एवढेच ऐकून हे दोन समाज सदैव लढतच आले असा त्याचा समज झाला आहे. मंडळाच्या शनिवारच्या वर्गात हा विषय घ्यावा असे वाटते. सोलापुरात आपण तो कसा शिकवत होता?
आपली विद्यार्थिनी

ताई,
सप्रेम नमस्कार. मी जेरुसलेमऐवजी सोलापूरच्या किल्ल्यापासून सुरुवात करत असे. ज्या किल्ल्यासाठी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही एकमेकींशी झगडत राहिल्या, त्याच दोन सत्तांनी 1570 मध्ये एक होऊन पोर्तुगिजांवर चाल केली. आदिलशाहीने गोव्याला वेढा घातला, निजामशाहीने कोकणातल्या चौल बंदराला, आणि कालिकतचा हिंदू राजा झामोरिनही त्यांना सामील झाला. त्याआधी, 1510 मध्ये, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले तेव्हा तिमोजी हा हिंदू आरमारी सरदार त्याच्या मदतीला होता. एवढे फळ्यावर आले की केवळ धर्मावरून बाजू ठरत नाही हे मुलेच सांगू लागत, आणि बोलणे बंदरे, जकात व समुद्रमार्गे गोव्यात उतरणाऱ्या अरबी घोड्यांकडे वळे.

त्यानंतर युरोपकडे जावे. 1229 मध्ये पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून लढाईविना जेरुसलेम मिळवले. 1536 मध्ये कॅथलिक फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने हॅब्सबर्ग या कॅथलिक राजघराण्याविरुद्ध ऑटोमन सुलतान सुलेमानशी सख्य केले. स्पेनमधल्या टोलेडोत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, हेही सांगावे.

कत्तली मात्र लपवू नयेत. 1099 मध्ये जेरुसलेमातले मुसलमान आणि ज्यू मारले गेले, नोव्हेंबर 1510 मध्ये गोव्यातले मुसलमान. माझ्या वर्गात एकाच बाकावर हिंदू आणि मुसलमान मुले बसत. म्हणून या धड्यापुरता ‘आपण’ आणि ‘ते’ हे शब्द वापरायचे नाहीत, प्रत्येक वेळी राजाचे किंवा सत्तेचे नाव घ्यायचे, असा नियम मी केला होता. तो तुम्ही तिथेही पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्या शनिवारी सोलापूर, विजापूर, गोवे आणि चौल दाखवणारा नकाशा समोर ठेवावा. मुलांचे प्रश्न मला अवश्य कळवा.
आपला, सर